"तक्रार आढळली नाही": घरघर आणि निळ्या धुराच्या मागे घालवलेले तीन महिने

वर्कशॉपची तीन जॉब कार्डं, म्हणजे गाडीच्या तक्रारी लिहायचे कागद, तिन्हींवर तेच तीन शब्द: तक्रार आढळली नाही. ती कार्डं अजून माझ्या गाडीच्या कप्प्यात आहेत. गाडी आज ठणठणीत आहे, तरी ती हाताला लागली की डोकं तापतं.

गाडी जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. इंजिन पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, पाच गिअर आणि सगळे हाताने टाकायचे. तक्रारी दोन होत्या. रात्रभर उभी राहून सकाळी सुरू केली की सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एक लोट यायचा, आठ-दहा सेकंदांत साफ व्हायचा. दुसरी तक्रार गिअरबॉक्सची. अर्धा-पाऊण तास चालवून न्यूट्रलमध्ये उभं राहिलं की गिअर लिव्हरच्या खालून घरघर ऐकू यायची. क्लच दाबला की ती दोन सेकंदांत विरायची, सोडला की परत सुरू.

म्हणजे धूर फक्त थंड गाडीत आणि घरघर फक्त गरम गाडीत. हे मी पहिल्या दिवशीच वर्कशॉपच्या काउंटरवर सांगितलं होतं. कार्डावर लिहिलं गेलं, 'आवाज व धूर'. केव्हा, ते कुणी लिहिलंच नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

पहिल्या खेपेला मी गाडी पंधरा मिनिटं चालवत नेली. धुराची वेळ घरीच टळली होती आणि घरघरीची अजून आली नव्हती. गाडी दोन-तीन तास आवारात उभी राहिली, मग एका पोराने ती लिफ्टवर घेतली, मेकॅनिकने मिनिटभर कान दिला आणि कार्ड भरलं.

दुसऱ्या खेपेला मी हट्ट धरला की चालवून बघा. त्यांनी दहा मिनिटांची चक्कर मारली. परत आल्यावर तिथला सल्लागार तापमानाचा काटा दाखवून म्हणाला, "साहेब, पूर्ण गरम झाली होती, काटा मध्यावर आहे." अहो, तो काटा इंजिनच्या कूलंटचा! गिअरबॉक्सचं तेल त्या पाण्याशी जोडलेलंच नसतं. ते आपल्याच दात्यांच्या घर्षणाने आणि शेजारच्या इंजिनच्या धगीने हळूहळू तापतं, त्याला इंजिनच्या कितीतरी नंतर गरमी येते. तेल थंड आणि घट्ट असतं तोवर झिजलेलं बेअरिंगही त्यात दबून राहतं. तेल पातळ झालं की बेअरिंग बोलायला लागतं. मी हे समजावून सांगितलं, त्याने मान डोलावली, कार्डावर पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेचा राग अजून गेलेला नाही. संध्याकाळी गाडी तिथेच ठेवली आणि दोनदा बजावलं की सकाळी मी आल्याशिवाय सुरू करू नका. दार उघडायच्या वेळेला हजर झालो तर गाडी दुसऱ्याच जागी. दुसरी एक गाडी बाहेर काढायची होती म्हणून हलवली म्हणे. बॉनेटवर हात ठेवला, कोमट लागलं. "धूर नव्हता, साहेब, मीच चालवली." ज्याने चालवली तो स्टिअरिंगमागे बसला होता. मागे, जमिनीलगत, दहा सेकंद निघणारा धूर त्याला आरशात दिसणार कसा? धूर बघायला माणूस मागे उभा लागतो. पूर्ण रात्र आणि अर्धा दिवस रजा वाया गेली.

सर्वांत संतापजनक गोष्ट पुढे आहे. तक्रार आढळली नाही म्हणणारेच लोक उपाय मात्र सुचवत होते. घरघरीसाठी क्लचचा पूर्ण सेट बदलू, कारण "क्लच दाबला की आवाज बदलतो ना, मग रिलीज बेअरिंग." धुरासाठी "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल." एकही प्लग न काढता, एकदाही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, न मोजता!

रिलीज बेअरिंग, म्हणजे दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, खराब असेल तर आवाज क्लच दाबल्यावर येतो, कारण त्याच्यावर भार तेव्हाच पडतो. माझ्या गाडीत नेमकं उलटं होतं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद आत आणणारा दांडा) आणि दात्यांनी त्याच्याशी जोडलेला काउंटर शाफ्ट फिरत असतात. क्लच दाबला की त्यांना फिरवणारं कुणी उरत नाही, ते थांबत येतात आणि आवाज विरतो. म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या आत, या दोन शाफ्टांपैकी एकाच्या बेअरिंगमध्ये. ही तपासणी जागेवर उभ्या उभ्या होते, हत्यार लागत नाही. क्लच सेटला 'हो' म्हटलं असतं तर गिअरबॉक्स उतरवला असता, परत चढवला असता आणि घरघर तशीच राहिली असती.

मग मी ठरवलं की पुरावा माझा मीच गोळा करायचा. गरम गाडीत फोन गिअर लिव्हरजवळ ठेवून रेकॉर्डिंग केलं आणि सोबत मोठ्याने बोलत गेलो: न्यूट्रल, क्लच वर, क्लच खाली, दुसरा गिअर, तिसरा. हे बोलणं फार कामाला येतं, नाहीतर नुसत्या आवाजावरून ऐकणाऱ्याला काही कळत नाही. ऐकताना माझ्याच लक्षात आलं की पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्यात घरघर आहे, पण चौथ्यात ती जवळजवळ नाहीशी होते. अशा गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर बहुधा थेट असतो, इनपुट शाफ्टकडून सरळ बाहेर. काउंटर शाफ्ट तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. संशय काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर येऊन थांबला. त्या रात्री मला खरोखर अभिमान वाटला.

आवाज गिअरनुसार न बदलता फक्त गाडीच्या वेगाने वाढत असेल, तर मात्र गिअरबॉक्स सोडून डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा भाग) आणि चाकांची बेअरिंगं बघा. वळणावर एका बाजूला आवाज वाढत असेल तर बहुतेक चाकाचंच.

धुरासाठी भावाला सायलेन्सरमागे उभं केलं आणि फोनवर चित्रण करायला सांगितलं. शिवाय एका लांब उतारावर, पाय काढून गाडी गिअरमध्येच उतरू दिली आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला. मागच्या गाडीतल्या मित्राला तोच निळा लोट दिसला. चढावर जोर लावताना काहीच नाही. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा गेल्या असत्या तर जोर लावताना धूर आला असता. रात्रभर उभी राहिल्यावर आणि उतारानंतर येतो म्हणजे वॉल्व्हची सील कडक झालेली. रात्री हेडमधलं तेल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली झिरपतं, आणि उतारावर थ्रॉटल, म्हणजे इंजिनमध्ये हवा सोडणारी झडप, बंद असताना तयार होणारा जोराचा व्हॅक्यूम ते ओढून घेतो. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि गाडी तापल्यावरही न थांबणारा धूर असेल तर कूलंट जळतंय, तेव्हा गाडी चालवत राहू नका. थंडीतली पातळ वाफ निराळी, ती काही मिनिटांत जाते. काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

चौथ्या खेपेला वर्कशॉप बदललं. किल्ली माझ्याकडे ठेवली, स्टिअरिंगवर 'सुरू करू नका' असा कागद चिकटवला आणि सकाळी मुख्य मेकॅनिकला सायलेन्सरमागे उभं करून स्वतः गाडी सुरू केली. लोट आला. ते म्हणाले, "सील." मग चाळीस मिनिटं माझ्या शेजारी बसले. चौथा गिअर पडल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मला काही सांगावंच लागलं नाही. तीन महिन्यांचं ओझं तिथे उतरलं.

त्यांनी आधी पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनच्या आतले वायू परत ओढून घेणारी झडप) तपासला, कारण तो अडकला तरी इंजिन तेल ओढतं. मग गरम इंजिनचे सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजलं: चारही सिलिंडर १७० ते १७५ पीएसआय. रिंगा उत्तम! सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून वॉल्व्ह वर धरले आणि हेड न उतरवता सील बदलली. पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स उघडला. काउंटर शाफ्टच्या पुढच्या बेअरिंगच्या कडीवर खड्डे पडले होते. इनपुटचंही बदलून घेतलं, गिअरबॉक्स परत कोण उतरवणार?

दुसऱ्या गिअरची थंडीतली करकर थोडी उरली आहे, ती सिंक्रोची, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कडीची. डबल क्लच केला, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबला, की जाते, म्हणजे क्लच नीट सुटतोय. सगळ्याच गिअरना, रिव्हर्सलाही करकर असेल तर आधी क्लचचं हायड्रॉलिक बघा. गिअरबॉक्सचं तेल टाकताना उत्पादकाने सांगितलेलाच दर्जा घ्या. जीएल-४ सांगितलं असताना जास्त आकडा म्हणजे चांगलं असं समजून जीएल-५ टाकू नका, त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत.

आणि हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: गिअरबॉक्सचं तेल स्वतः बदलणार असाल तर आधी भरायचा बोल्ट सैल होतोय का बघा, मगच खालचा उघडा. तेल सांडून गेलं आणि वरचा बोल्ट निघालाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.