हलकं सॉफ्टवेअरच बरं

आज बाबांच्या जुन्या, २ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एक इंग्रजी बातमी उघडली. आधी कुकीजची पट्टी, मग नोटिफिकेशनची परवानगी, मग आपोआप सुरू झालेला व्हिडिओ. पंखा घरघरायला लागला. आणि बातमी किती, तर जेमतेम चार परिच्छेद!

तेच पान लिंक्स (Lynx) नावाच्या ब्राउझरमध्ये उघडलं. १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेला, निव्वळ अक्षरं दाखवणारा ब्राउझर. चित्रं नाहीत, जावास्क्रिप्ट (पानात आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम) नाही. बातमी लगेच समोर. (हा ब्राउझर टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत चालतो; तिथे मराठी जोडाक्षरं विस्कटतात, त्याचं मात्र वाईट वाटतं. मराठीसाठी पानातला फापटपसारा काढून मुख्य मजकूर दाखवणारा फायरफॉक्सचा रीडर व्ह्यू लावून दिलाय.)

वेबपानं जड झाली म्हणून धडधाकट मशीन भंगारात काढायला माझं मन अजिबात तयार नाही. नवीन लॅपटॉपचा विषय घरात आता बंद.