मोशीचा वारकरी

मागून ‘माऊली, माऊली’ ऐकू आलं की बाजूला होऊन वाट द्यायची, एवढंच मी त्याला शिकवलं होतं. लेकीच्या वर्गातला हा मुलगा टांझानियाचा. वारी चालायची म्हणाला, म्हणून पुणे ते सासवड आमच्या दिंडीत आला. तीसेक किलोमीटरची मजल, त्यात दिवे घाट.

घाटमाथ्यावर जरा टेकलो. जालन्याकडच्या एका मावशींनी डोक्यावरची तुळस मांडीवर घेतली आणि वारीत सगळेच विचारतात ते विचारलं, ‘माऊली, गाव कोणतं?’

‘मोशी.’

‘आळंदीजवळची?’

त्याने मोबाइलवर किलिमांजारोचा फोटो काढून दाखवला. त्याचं मोशी त्या डोंगराच्या पायथ्याला. मावशींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून फोटो पाहिला. ‘लई लांबून आलास रं लेकरा,’ म्हणाल्या, तुळस माझ्या हातात दिली आणि सरळ त्याच्या पायांवर वाकल्या. तो गडबडून मागे सरकला. मी म्हटलं, इथे असंच असतं, आता तू वाक. त्याने त्यांचे भेगाळलेले पाय दोन्ही हातांनी धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. ‘वर्ण अभिमान विसरली याती, एकएकां लोटांगणीं जाती’ हा तुकोबांचा अभंग मी लहानपणापासून म्हणते. त्या दिवशी तो एका हाताच्या अंतरावर पाहिला.

संध्याकाळी सासवडच्या तळावर समाज आरतीला उभे राहिलो. चोपदारांनी दंड उंचावला आणि हजारो टाळ एकदम थांबले. एका दिंडीचे तेवढे वाजत राहिले. ‘ते का थांबत नाहीत?’ त्याने कानात विचारलं. मी सांगितलं, त्यांची काही तक्रार आहे. चोपदार जाऊन ऐकून घेईपर्यंत ते टाळ वाजवणार, आणि तोवर सगळी वारी आरतीसाठी थांबणार. एका दिंडीचं दुखणं सगळ्यांचं असतं.

तो गप्प राहिला. मग म्हणाला, पुण्यात खोली शोधताना फोनवर ‘या’ म्हणायचे आणि तोंड पाहिल्यावर ‘आत्ताच दिली’ म्हणायचे. चार महिने हेच.

मला झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत दोन आफ्रिकन विद्यार्थी फ्लॅट बघायला आले होते. ‘हे लोक नकोत’ असं सभेत ठरलं. मी तिथेच बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. सकाळी निरोप घेताना हे त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, नमस्कार केला आणि तो पुण्याच्या बसमध्ये चढला. ‘असू दे’ म्हणाला नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढची सगळी वाट ते मनात होतं. पंढरपुरात महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवलं. ज्यांचे अभंग आपण गातो, त्यांना आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं. त्यांच्या लोकांसाठी ते दार उघडायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. त्याआधी शेकडो वर्षं आत जाणारे पायरीवरून जात होते, माझ्यासारखेच मुकाट्याने.

रविवारी सोसायटीची सभा आहे. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पुन्हा रिकामा झालाय. भाडेकरूंचा विषय मी माझ्या सहीने लिहून दिला आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत मी खाली बसणार नाही.