माझा अनुभव : स्पॅनिश वाक्प्रचार आणि ‘मला-तुला’चा गुंता

स्पॅनिश वाक्प्रचारांच्या तयार याद्यांचा मला अजूनही राग येतो. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, संपला विषय. कुणी, कुणाला, कुठल्या देशात म्हणायचं याचा पत्ताच नाही. ‘मेतेर ला पाता’ (भलतंच बोलून घोळ घालणे) किंवा ‘पोनेर्से लास पिलास’ (कंबर कसणे) अशा यादीवरूनही येतात. गाडी अडते ती ‘एचार दे मेनोस’पाशी, म्हणजे कुणाची आठवण येणे.

त्याआधी मराठी फार कामाला येते. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं, ‘मे दा इग्वाल’ म्हणजे मला काही फरक पडत नाही, ‘मे काएस ब्येन’ म्हणजे तू मला बरा वाटतोस (ही प्रेमाची कबुली नव्हे). ‘मला’च्या जागी ‘मे’ बसवत जायचं. त्याच सवयीने ‘मला तुझी आठवण येते’चं ‘मे एचास दे मेनोस’ होतं आणि अर्थ नेमका उलटतो: तुला माझी आठवण येते! बरोबर रूप ‘ते एचो दे मेनोस’. इथे आठवण काढणारा कर्ता, क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं. ज्याची आठवण येते तो ‘ते’ (म्हणजे तुला). आईची आठवण येत असेल तर ‘एचो दे मेनोस आ मि माद्रे’, आणि माणसाआधीचा तो ‘आ’ गाळायचा नाही. लॅटिन अमेरिकेत ‘ते एक्स्त्रान्यो’ जास्त ऐकू येतं, रचना तीच. ‘मे आसेस फाल्ता’ (मला तुझी उणीव भासते) मात्र पुन्हा आपल्या वळणाचा. म्हणून वहीत अर्थाप्रमाणे गट पाडू नका, कर्ता कोण यावरून पाडा. शाळेतलं ‘वाक्यात उपयोग करा’ इथे मनापासून करावं: प्रत्येक वाक्प्रचार ‘मी तुला’, ‘तू मला’ आणि ‘तो आईला’ अशा तिन्ही रूपांत लिहा.

‘तोमार एल पेलो’ म्हणजे कुणाला बनवणे. पेलो म्हणजे केस. ‘मला बनवतोयस का?’ हे ‘मे एस्तास तोमान्दो एल पेलो?’ असं विचारतात. ‘मि पेलो’ (माझे केस) म्हटलं की वाक्प्रचार मोडतो, उरतात नुसते केस. ‘एस्तार एचो पोल्बो’त (थकून चूर होणे) मात्र बाई असेल तर ‘एचा’, अनेकजण असतील तर ‘एचोस’, पोल्बो (धूळ) तसाच.

स्पेनच्या रेआल अकादेमियाचा (स्पॅनिश भाषेची अधिकृत संस्था) कोश ऑनलाइन मोफत आहे. वाक्प्रचारात नाम असेल तर त्या नामाखाली शोधा: पेलो, पाता. पुढे ‘कोलोक.’ असेल तर रोजच्या बोलण्यातला, ‘माल्सोन.’ असेल तर चारचौघांत नको. देशांची संक्षिप्त नावंही वाचाच. स्पेनमध्ये बस पकडायला बिनधास्त वापरतात ते ‘कोखेर’ मेक्सिको-अर्जेंटिनात अश्लील आहे. तिथे बससाठी ‘तोमार’ वापरा.