खांबाशेजारची जागा

पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. चारचाकी असेल तर ‘फोर व्हीलर’ असं वेगळं सांगावं लागतं. इमारतीच्या नकाशात मात्र मान उलटा. फोर व्हीलरला २.५ बाय ५ मीटरची ऐसपैस चौकट, आणि दुचाक्या जिन्याखाली, टाकीच्या झाकणापाशी, जमेल तशा.

तशी राज्याची २०२० सालची बांधकाम नियमावली दुचाकीला १ बाय २ मीटर देते. अ‍ॅक्टिव्हाची रुंदी जवळपास ७० सेंटिमीटर. उरले ३०. तेवढ्यात गाडीवरून उतरणारा माणूस मावायचा, पोटासकट, सॅकसकट, भाजीच्या पिशवीसकट.

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी पिवळे पट्टे मारायचं ठरलं. १२ मीटरच्या भिंतीला नियमाने १२ गाड्या. कमिटीने ७५ सेंटिमीटरवर पट्टे ओढून १६ बसवल्या. साइड स्टँडवरची गाडी डावीकडे कलते आणि शेजारचीच्या अंगावर रेलते, हे पट्ट्यांना कुठलं माहीत? मग डबल स्टँडची सक्ती झाली. पण डबल स्टँड लावायला गाडीच्या बाजूला पाय रोवून उभं राहावं लागतं, आणि ती जागा तर त्या चार जादा गाड्यांत गेलेली.

एकाने तोडगा काढला: फोर व्हीलरच्या एका रिकाम्या जागेत सहा दुचाक्या. भागाकार बिनचूक, साडेबारा भागिले दोन. प्रत्यक्षात अडीच मीटर रुंदीत दोनच उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे आणखी दोन. मागच्या दोघांनी ऑफिसला कधी निघायचं, हे आता पुढचे दोघे ठरवतात. हँडल लॉक करून झोपणारा माणूस तर सकाळी आठला अख्ख्या बिल्डिंगचा शत्रू.

जागांसाठी शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मला आली खांबाला चिकटलेली. सगळे हळहळले. पहिल्याच आठवड्यात आरसा खांबाला घासला, ओरखडा उठला. पण खांब कलत नाही, लॉक होऊन बसत नाही, आणि रात्री साडेअकराला येऊन माझी गाडी ढकलत नाही. एका बाजूची काळजी कायमची मिटली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अदलाबदलीचं दोनदा विचारून गेल्या. सध्या मी जिना जरा घाईने चढतो.