मशीनने दिलेले नाव

सकाळी साडेआठला अतिदक्षता विभागातून आलेली ब्लड कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची) एक बाटली पॉझिटिव्ह झाली आणि ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे रंगवलेल्या स्लाइडवर, कळ्या फुटलेल्या अंडाकृती पेशी दिसल्या. निवासी डॉक्टरांना फोनवर यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, असल्याचे कळवताच नेहमीचा प्रश्न आला, "अल्बिकन्स की नॉन-अल्बिकन्स?" कँडिडा या यीस्टची ती नेहमीची अल्बिकन्स जात आहे की दुसरी, ते एवढ्या लवकर सांगता येत नाही, हे समजावून मी आता थकले आहे. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे औषध सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर वाढ आल्यावर जर्म ट्यूब लावली; अल्बिकन्स असेल तर सीरममध्ये तिच्या पेशींना नळ्या फुटतात. ही चाचणी स्वस्त म्हणून तिला कमी लेखतात, पण तिला हात बसावा लागतो. अर्धा मिलिलिटर सीरममध्ये कॉलनीचा अगदी कणभर अंश घ्यायचा, कारण जास्त घेतला तर नळ्या फुटतच नाहीत. 37 अंशांवर ठेवून तीन तासांच्या आत वाचायचे, कारण त्यानंतर ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जातही लांबट होते आणि तिची बुडाशी आवळलेली नळी नवख्या तंत्रज्ञाला अल्बिकन्सची वाटते. मी स्वतः स्लाइड पाहिली. एकही नळी नव्हती. जातीनुसार रंग देणाऱ्या क्रोमोजेनिक प्लेटवरही अल्बिकन्सचा हिरवा किंवा ट्रॉपिकॅलिसचा निळा रंग नव्हता, फिकट जांभळट गुलाबी कॉलनी होत्या.

तिसऱ्या सकाळी जात ओळखणाऱ्या मशीनने 'कँडिडा हिमुलोनी' असे नाव छापले. जपानमधील एका रुग्णाच्या कानातून मिळालेल्या आणि 2009 मध्ये नाव मिळालेल्या कँडिडा ऑरिसला जुने डेटाबेस हेच नाव देतात, आणि आमचा डेटाबेस जुनाच आहे. तो बदलण्याचा अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहे, हे विचारणे मी सोडून दिले आहे. मी एक स्लँट (तिरक्या माध्यमाची नळी) 42 अंशांवर ठेवला, कारण तिथे ऑरिस वाढते आणि हिमुलोनी वाढत नाही. दुसरा मॅल्डी-टॉफसाठी, म्हणजे प्रथिनांवरून जात ओळखणाऱ्या यंत्रासाठी, बाहेर पाठवला. ते यंत्र काही मिनिटांत नाव सांगते, पण आमची नळी तिथे पोहोचायलाच दीड दिवस लागला.

मधल्या वेळेत मी विभागात फोन केला होता. "हिमुलोनी आले आहे, पण बहुधा ऑरिस असावे, खात्री करून कळवते," असे मी म्हणाले आणि समोरच्याने फक्त पहिला अर्धा भाग लिहून घेतला. बहुतेक ऑरिस फ्लुकोनाझोलला दाद देत नाही आणि खाटेच्या कठड्यांवर कित्येक दिवस टिकते. म्हणजे आधी रुग्णाला वेगळे ठेवा, औषध बदला, असे सांगायचे आणि नाव मागाहून द्यायचे. चौथ्या सकाळी स्लँट भरून वाढलेला पाहिला तेव्हा मी स्वतः वर गेले. मग एकिनोकँडिन गटातले बुरशीवरचे औषध सुरू झाले आणि रुग्णाला स्वतंत्र खोली मिळाली. मॅल्डी-टॉफचे उत्तरही ऑरिसच आले.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या काखेचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. तो संसर्ग माझा फोन आणि स्वतंत्र खोली यांच्यामधल्या त्या एका दिवसात झाला की आधीच होता, हे आमच्या कोणत्याही प्लेटवरून कळणार नाही. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात नोंद आहे : 'फोनवर कळवले, 10.40.' काय कळवले, त्यासाठी तिथे रकाना नाही.