तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेच्या विमानतळावरच्या त्या तपासणीच्या मशीनमध्ये आपण उघडे दिसतो का?

सुरक्षा तपासणीची यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. जळगाव-भुसावळकडच्या, लेकाकडे अमेरिकेला निघालेल्या काकू मला बाजूला घेऊन हेच विचारतात, "भाऊ, काचेच्या खोक्यात हात वर करून उभं करतात, तेव्हा आतल्याला सगळं दिसतं का?"

नाही काकू. पडद्यावर एक ठरावीक बाहुली असते, सगळ्यांना तीच. जिथे संशय, तिथे तिच्यावर चौकोन उमटतो, बस.

पण तुमची भीती बिनबुडाची नाही. तिथे आधी क्ष-किरणांचीही यंत्रं होती. त्यांत अंगाचं चित्र खरंच दिसायचं, वेगळ्या खोलीत बसलेला कर्मचारी ते बघायचा. लोक भांडले, कोर्टात गेले. बाहुलीचं सॉफ्टवेअर त्या यंत्रांना बसवता आलं नाही, म्हणून २०१३ साली ती विमानतळांवरून हलवली. लाज वाटणाऱ्यांनी तोंड उघडलं म्हणून हे झालं. मला याचं फार मोल वाटतं.

मग खोकं हवंच कशाला? आपली नेहमीची चौकट फक्त धातू ओळखते. चांदीच्या करदोड्यावर ती ओरडेल, पण सिरॅमिकचा चाकू खुशाल जाऊ देईल. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटकं नेली. त्यानंतर ही खोकी झपाट्याने वाढली.

आत दोन उभे खांब तुमच्याभोवती फिरतात, दोनेक सेकंदांत काम होतं. त्यांतून मिलिमीटर लहरी, म्हणजे अगदी आखूड रेडिओ लहरी, निघतात. कापडातून त्या आरपार जातात, कातडीवरून परततात. मध्ये काही दडवलं असेल तर परतणारी लहर बदलते. शरीराच्या आत त्या शिरत नाहीत. हे क्ष-किरण नव्हेत, ताकद मोबाइलपेक्षाही कितीतरी कमी. पोटुशी सून सोबत असेल तरी घाबरू नका.

खरी अडचण घामाची. या लहरी पाण्यावरूनही परततात. त्यामुळे घामाने चिकटलेला ब्लाउज किंवा नऊवारीच्या जाड निऱ्या दिसल्या की मशीन उगाच चौकोन दाखवतं. मे महिन्यात आपल्याकडून निघालात तर मुंबईत कपडे बदला, रुमाल पर्समध्ये टाका. तरी चौकोन आलाच, तर बाई कर्मचारीच हाताने तपासते. चारचौघांत नको वाटलं तर वेगळी खोली मागता येते, सोबत घरचं माणूसही नेता येतं. इंग्रजी येत नसलं तरी "प्रायव्हेट स्क्रीनिंग" एवढे दोन शब्द पाठ करून जा.