तुम्ही विचारलंत म्हणून : गोष्टीचं पुस्तक घरीच का शिवलं

घरी आलेलं माणूस ते पुस्तक हातात घेतं, उलटसुलट करून बघतं आणि विचारतं, "एवढा खटाटोप कशाला? झेरॉक्सवाल्याने पाच मिनिटांत स्पायरल मारून दिलं असतं की!" चहा होईस्तोवर जमेल तेवढं मी सांगते. आज सविस्तर लिहिते.

पुस्तक आहे सासूबाईंच्या गोष्टीचं. त्या माण तालुक्यातल्या. 2012-13च्या दुष्काळात तिकडे चारा छावण्या उघडल्या, तेव्हा त्यांनी ही गोष्ट रचली. छावणीत गाईबैलांना चारा मिळतो आणि आपल्याला कोणी विचारत नाही, म्हणून एक बोकड अंगावर गोणपाट घेऊन खोंड बनतो आणि रांगेत उभा राहतो. माझ्या लेकीने ती किती रात्री ऐकली असेल याला गणती नाही. मी ती फोनवर रेकॉर्ड केली आणि शब्दाला शब्द उतरवली. 'न्हाई'चं 'नाही' केलं नाही. लेकीला आजीचा आवाज पानावर ऐकू यायला हवा होता.

आता शिलाईच का? मुलं पुस्तक कसं वाचतात ते बघा. जमिनीवर पालथं पडून, एक हात पोह्यांच्या बशीत. पुस्तक आपलं आपण उघडं राहायला हवं. नुसत्या गोंदाने पाठ चिकटवलेलं पुस्तक राहत नाही, आणि दाबून उघडलं की पानं सुटतात. स्पायरलची भोकं फाटतात, पिनांना पावसाळ्यात गंज चढतो. दोऱ्याने शिवलेलं पुस्तक मात्र मधोमध सपाट उघडतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. जुने बाइंडर ज्याला जुजबंदी म्हणतात ती हीच.

ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पृष्ठं होतात, म्हणून पृष्ठसंख्या चाराच्या पटीत धरायची. गोष्ट 28 पृष्ठांची झाली, पण मला सोळा-सोळाचे दोन फर्मे हवे होते, म्हणून 32 धरली. एका फर्म्यात चार कागद एकात एक. पहिल्या फर्म्यात सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1, मागे 2 आणि 15. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज पहिल्या फर्म्यात दरवेळी 17 आणि दुसऱ्यात 49 आली की मांडणी बरोबर. प्रिंटरमध्ये बुकलेटचा पर्याय असतो, एकेक फर्मा वेगळा छापला की तो हे आपोआप करतो. फक्त कागद आखूड बाजूवर उलटायला सांगावं लागतं, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी छापली जातात.

अक्षरांवर मी चार दिवस घालवले आणि ते सत्कारणी लागले. पहिल्या छपाईत लेक 'बोकडाला'पाशी अडली. तिथला ल हिंदी वळणाचा होता, आणि ती शाळेत पाकळीचा ल शिकलेली. राज्य सरकारने 2009 साली पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले, पण कितीतरी फॉन्टमध्ये ते नसतात. शेवटी तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला. फुकट मिळतो. नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी पुस्तक करणार असाल तर एवढं नक्की बघा.

कागदाचंही तसंच. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं, आडवं फाडलं की वाकडंतिकडं जातं, कारण कागदातल्या तंतूंना दिशा असते. ती पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. बाजारातल्या ए-फोरमध्ये ती बहुधा लांबीच्या बाजूने असते, म्हणजे घडी तंतूंना आडवी बसते. माझं पहिलं पुस्तक असंच झालं, पानं ताठ उभी राहायची. आता ए-थ्री कागद आणून मधोमध कापते. त्या ए-फोरची दिशा बरोबर येते.

शिवायला दाभण आणि मेण लावलेला जाड सुती दोरा. एका पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच खुणा करून ठेवल्यात, त्यावरून दोन्ही फर्म्यांना घडीवर सारखी भोकं पाडते. दोरा ओढायचा तो कण्याच्या दिशेने. कागदाच्या काटकोनात ओढला की भोक चिरतं. हे हाताला कळायला वेळ लागतो, पण एकदा कळलं की विसरत नाही. मग कण्याला फेविकॉलने मलमलीची पट्टी.

कव्हरला सासूबाईंचं विटलेलं इरकली लुगडं. पातळ कापडातून खळ वर येते, म्हणून आधी त्याला मागून पातळ कागद चिकटवून वाळवला. खळ मैद्याची: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची आणि गाळून घ्यायची. बाइंडर कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विष आहे. मुलांच्या पुस्तकात मी घालत नाही, लागेल तेवढीच ताजी करते. आमच्या प्रिंटरची शाई ओल लागली की पसरते, त्यामुळे कव्हरला आतून चिकटवायचा अस्तराचा कागद कोराच ठेवला. शेवटी दोन फळ्यांमध्ये पुस्तक, वर पाटा. पावसाळ्याचे दिवस, दोन रात्री हलवलं नाही.

सासूबाईंनी ते हातात घेतलं तेव्हा आधी उघडलं नाही. काठावरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "हे म्या पाटणला लग्नाला नेसले हुते." मग लेकीने वाचून दाखवलं. बोकड पकडला जातो तिथे त्यांनी थांबवलं. "फुडं हाय की! छावणीवाला त्येला पेंडी देतो. ते कुटं गेलं?" रेकॉर्डिंगच्या रात्री त्यांना झोप लागली होती, तो भाग माझ्याकडे आलाच नव्हता.

शेवटची चार पृष्ठं कोरी होतीच. त्या सांगत गेल्या, लेक पेन्सिलने लिहीत गेली. अडीच पृष्ठं भरली. उरलेल्या जागेत तिने पेंडी काढली आहे, बोकडापेक्षा मोठी.